ओके वाशिम

वाशिममध्ये चार माणसं अर्ज हातात घेऊन जिथे उभी राहतात, तिथे पाचवा माणूस टायपिंगचं दुकान टाकतो. कोर्टाजवळ, तहसिलीजवळ, बसस्टँडसमोर अशी दुकानं असतात. पाटीवर टायपिंग, झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म आणि पासपोर्ट फोटो एवढा मजकूर असतो. आत एक ऑपरेटर, एक पंखा आणि ज्यावरची निम्मी अक्षरं पुसली गेली आहेत असा एक कीबोर्ड असतो. अक्षरं पुसल्यामुळे कोणाचंच अडत नाही. ती होती तेव्हाही इंग्रजी होती आणि ऑपरेटर मराठी टाइप करत होता.

अशा दुकानात एक वयस्कर कास्तकार पेन ड्राइव्ह घेऊन येतो. अर्ज कारंज्याला पुतण्यानं टाइप करून दिलेला असतो, इथे फक्त प्रिंट काढायची असते. ऑपरेटर फाइल उघडतो आणि मान हलवतो.

"काका, फॉन्ट नाही."

"कुठं गेला?"

"गेला नाही. इथं नव्हताच. तो तिकडं कारंज्याच्या कॉम्प्युटरात आहे."

"मंग आता त्याले आनाले कारंज्याले जाऊ का?"

पडद्यावर मराठीचा मागमूस नसतो. इंग्रजी अक्षरं, अवतरणचिन्हं आणि कंस यांची शेवभाजी झालेली असते. ऑपरेटर मात्र तीही वाचू शकतो. जिथे 'वाशिम' असायला हवं तिथे ओ, के, एफ, एक अपॉस्ट्रॉफी, पुन्हा के आणि ई अशी रांग लागलेली असते. काका चष्मा पुढे सरकवून पहिली दोन अक्षरं वाचतात.

"ओके तं दिसून राह्यलं."

काकांचं चुकलेलं नसतं. कृतिदेव नावाच्या फॉन्टमध्ये वाशिम लिहिलं, तर या जिल्ह्याच्या नावाची सुरुवात खरोखरच 'ओके'नं होते. ओच्या कीवर 'व' असतो आणि केच्या कीवर काना. एफवर ऱ्हस्व वेलांटी असते. अपॉस्ट्रॉफीवर दांडी नसलेला अर्धा 'श' असतो, त्याला दांडी लावायला पुन्हा के दाबावा लागतो. शेवटी ईवर 'म' असतो. संगणकाला यातलं काहीच ठाऊक नसतं. त्याच्या दृष्टीनं ऑपरेटर सकाळपासून निरर्थक इंग्रजी बडवतो आहे. फॉन्ट त्या इंग्रजी अक्षरांना मराठीचे मुखवटे चढवतो, इतकंच. मुखवट्यांची पेटी कारंज्याला राहिली की दशावतार उघडा पडतो.

जिल्ह्यातले बाकीचे तालुकेही या मुखवट्याआड काय काय उद्योग करत असतात. मालेगाव आणि मानोरा या दोघांची सुरुवात ई आणि के या अक्षरांनी होते. ती जोडून वाचली की 'एक' होतं, म्हणजे पहिल्या क्रमांकावर दोघांचाही दावा. रिसोडची सुरुवात एफनं होते, कारण वेलांटी 'र'च्या आधी दाबायची असते. या सगळ्यांवर लक्ष ठेवून असतो वर्डचा शिस्तप्रिय ऑटोकरेक्ट. परिच्छेदाचं पहिलं अक्षर मोठं हवं, हे त्याला कोणीतरी लहानपणीच शिकवलेलं आहे. त्यामुळे तो पहिल्या शब्दाचा छोटा ओ गुपचूप मोठा करतो. कृतिदेवमध्ये मोठा ओ म्हणजे दांडी नसलेला अर्धा 'व'. मग पुढचा काना त्या अर्ध्या 'व'ची दांडी होण्यात खर्ची पडतो आणि वाशिमचं 'वशिम' होतं. मालेगावचं 'मलेगाव' होतं. मानोऱ्याचं तर सरळ 'मनोरा' होतं. एक अख्खा तालुका, त्यातल्या पोहरादेवीसकट, एका कॅपिटल अक्षरापायी उभा उंच होऊन जातो.

अनुभवी ऑपरेटर म्हणूनच नव्या कॉम्प्युटरची पूजा झाली की पहिलं काम ऑटोकरेक्ट बंद करण्याचं करतो. नारळ नंतर फोडला तरी चालतो.

या बोटांच्या सवयीचं मूळ बंदुकीच्या कारखान्यात आहे. अमेरिकेतल्या ख्रिस्तोफर शोल्स यांनी टंकयंत्र तयार केलं आणि ते बाजारात आणायचं काम १८७३ मध्ये रेमिंग्टन कंपनीकडे सोपवलं. ही कंपनी बंदुका करायची, जोडीला शिवणयंत्रंही. पहिल्या टाइपरायटरला म्हणून शिवणयंत्रासारखा स्टँड आणि खाली पायटा होता. पुढे देवनागरी यंत्रं आली आणि त्यांची मांडणी 'रेमिंग्टन' याच नावानं ओळखली जाऊ लागली. विदर्भातल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधली मुलं आजही 'मी रेमिंग्टनवर आहे' असं बिनदिक्कत सांगतात आणि घरचेही घाबरत नाहीत.

घाबरण्यासारखं असतं ते मिनिटाला ३० शब्दांचं. लिपिक-टंकलेखकाच्या जागेसाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचं प्रमाणपत्र लागतं आणि ती परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. पूर्वी ती खडखडणाऱ्या यंत्रावर व्हायची. आता कॉम्प्युटरवर होते आणि तिला जीसीसी-टीबीसी असं नाव आहे, जे स्वतःच फॉन्ट नसलेल्या फाइलीतून उचलल्यासारखं दिसतं. यंत्र गेलं तरी इन्स्टिट्यूटमधली शिस्त तीच राहिली. मान ताठ, मनगट वर, नजर कागदावर. कीबोर्डकडे पाहणं हे तिथे परक्याच्या ताटात पाहण्याइतकं वाईट समजलं जातं. अशी सहा महिने घडवलेली बोटं पुढे आयुष्यभर ऐकत नाहीत. लग्न, बदली, मधुमेह सगळं होतं, पण 'म'साठी ईकडे जाणारं बोट ईकडेच जातं.

याच बोटांना एक दिवस सांगण्यात आलं की आता इन्स्क्रिप्ट वापरा.

इन्स्क्रिप्ट ही मांडणी भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं १९८६ मध्ये प्रमाण ठरवली. ती इतकी तर्कशुद्ध आहे की कोणाला चटकन आवडतच नाही. स्वर आणि त्यांच्या खुणा डाव्या हाताला, व्यंजनांचा मोठा भरणा उजव्या हाताला. साधा 'क' नुसत्या कीवर, 'ख' त्याच कीवर शिफ्ट धरून. 'ग'चा 'घ' तसाच आणि 'त'चा 'थ'ही तसाच. शिवाय सगळ्या प्रमुख भारतीय लिप्यांना हीच मांडणी, त्यामुळे मंगरुळपीरच्या टंकलेखकाला बंगालीचं एक अक्षर वाचता येत नसलं तरी बंगाली टाइप मात्र करता येतं. त्याचा उपयोग काय, हे त्यानं विचारू नये.

नवशिक्याची फसगत होते ती केच्या कीवर. इन्स्क्रिप्टमध्ये केवर नेमका 'क' आहे. त्याला वाटतं, सापडलं! उच्चाराप्रमाणेच दिसतंय. मग तो मोठ्या विश्वासानं 'प'साठी पी दाबतो आणि 'ज' उमटतो. 'प' असतो एचवर. 'त' एलवर, 'न' व्हीवर, 'म' सीवर. 'क'चं जुळणं हा निव्वळ योगायोग होता, पण तोवर 'पाटील' लिहायला बसलेल्या माणसाच्या हाती भलतंच घराणं लागलेलं असतं.

आणि वाशिम? इन्स्क्रिप्टमध्ये ते बी, ई, शिफ्टसह एम, मग एफ आणि सी असं लिहितात. म्हणजे कृतिदेवमध्ये जे वाशिम नुसतं 'ओके' होतं, ते इन्स्क्रिप्टमध्ये 'बी.ई.' झालं. गावाची शैक्षणिक प्रगती याहून स्वस्तात कोणी केलेली नाही.

खरा संघर्ष वेलांटीचा होता. टाइपरायटरवर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दिसते, म्हणून ती आधीच मारायची. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तशी ती पुढे जाऊन बसते आणि अक्षर मागून निवांत येतं. प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या युनिकोडला हा रुमाल मान्य नाही. आधी प्रवासी, मग सामान. म्हणजे आधी 'श', मग वेलांटी, आणि ती 'श'च्या डावीकडे नेऊन बसवायचं काम फॉन्ट करील. वीस वर्षं रेमिंग्टनवर काढलेला माणूस सवयीनं आधी वेलांटी मारतो आणि पडद्यावर ठिपक्याठिपक्यांचं एक रिकामं वर्तुळ उगवतं. जागा धरली आहे, माणूस आलेला नाही, असं ते वर्तुळ सांगत असतं. जुन्या टंकलेखकाच्या फाइलीत अशी वर्तुळं संक्रांतीच्या तिळगुळासारखी सांडलेली असतात.

म्हणून मग तडजोड निघाली. टाइप करायचं रेमिंग्टनच्या सवयीनं आणि आत साठवायचं युनिकोडमध्ये, अशी सोय देणारे कीबोर्ड आले. पाठोपाठ तिसरी पिढी आली. या मुलांनी कुठलीच मांडणी शिकली नाही. ती इंग्रजीत उच्चार लिहितात आणि कॉम्प्युटर मराठी शब्दांची यादी पुढे करतो. लग्नासाठी स्थळं दाखवावीत तशी. वाशिम हवं की वाशीम? मुलगा पहिलं पसंत करतो, कारण ते पहिलं असतं.

इथे व्याकरणवाले खाकरतात. मराठीच्या नियमानुसार अकारान्त शब्दातलं उपान्त्य अक्षर दीर्घ, म्हणजे खरं तर 'वाशीम'. जिल्ह्याच्या सरकारी संकेतस्थळावर मात्र 'वाशिम'. वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ याचा निकाल लागेपर्यंत इन्स्क्रिप्टवाला दोन शेजारच्या की वापरून मोकळा होतो. एफ दाबला की ऱ्हस्व, त्याच्या वरचा आर दाबला की दीर्घ. पाऊण इंचाचं अंतर आहे. त्यापायी गावात दोन पाट्या समोरासमोर वेगवेगळं गाव दाखवत असल्या तरी बस एकाच ठिकाणी थांबते.

वऱ्हाडी माणसाचा स्वभाव मुळातच कीबोर्ड आपल्या सोयीनं बदलून घेण्याचा आहे. त्यासाठी त्याला सेटिंगमध्ये जावं लागत नाही. 'ळ' पाहा. इन्स्क्रिप्टमध्ये 'ळ' हवा तर शिफ्ट धरून एन दाबावं लागतं, म्हणजे दोन बोटं. 'य' मात्र एकाच बोटात येतो, तिरप्या रेघेच्या कीवर. वऱ्हाडी जिभेनं हा हिशेब संगणक यायच्या कितीतरी आधी केला आणि 'ळ'चा सरसकट 'य' करून टाकला. डोळा झाला डोया, केळी झाली केयी, काळा झाला काया. शिफ्टची केवढी बचत! मंगरुळपीरचं मंगरुयपीर म्हणणारा माणूस अशुद्ध बोलत नाही, शॉर्टकट वापरतो.

पण एका जागी कुठलाच शॉर्टकट चालत नाही आणि नेमका तोच शब्द जिल्ह्यातल्या दर दुसऱ्या अर्जात असतो. 'शेतकऱ्यांना.' हा जिल्हा सोयाबीन आणि तुरीचा. पीकविमा, अनुदान, पंचनामा, कर्ज, काहीही लिहायचं म्हटलं की हा शब्द येणार. त्यातला 'र' हा डोळ्यावरच्या पापणीसारखा पुढच्या 'य'ला चिकटतो. नुसता 'र' अर्धा करून 'य' जोडला तर तो 'य'च्या डोक्यावर रफार होऊन बसतो आणि 'शेतकर्यांना' असा शब्द तयार होतो, जो उच्चारताना दाताखाली खडा लागतो. खरी पापणी हवी तर इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्टसह जे दाबून खास नुक्त्याचा 'ऱ' घ्यायचा, मग डी दाबून पाय मोडायचा, मग 'य'.

हा फरक किरकोळ नाही. आचार्यांना बोलावलं तर प्रवचन होतं, आचाऱ्यांना बोलावलं तर जेवण. दर्यात नाव जाते, दऱ्यांत बस. पण ज्या दुकानात दहा लोक रांगेत आहेत तिथे पापणीसाठी तीन की कोण शोधणार? ऑपरेटरनं यावर स्वतःचा तोडगा काढलेला असतो. तो पुढे येईलच.

शॉर्टकटांची खरी शेती पाहायची तर सरकारी टेबलावर पाहावी. एखादा हुशार बाबू ऑटोकरेक्टला शत्रू न मानता नोकरीला ठेवतो. 'सर' असं लिहून स्पेस दिली की 'सादर करण्यात येते की' असा पूर्ण मजकूर आपोआप उमटावा, अशी नोंद तो करून ठेवतो. दिवसातून पन्नास वेळा लागणारं वाक्य दोन अक्षरांत होतं. ऑफिस थक्क होतं. मग बाबूची बदली होते. तो फाइली, किल्ल्या, शिक्के सगळं लिहून ताब्यात देतो, पण 'सर'बद्दल सांगायचं राहतं. नवा माणूस मुख्याध्यापकांना पत्र लिहायला बसतो आणि 'मा. मुख्याध्यापक सादर करण्यात येते की' असं उमटतं. तो खोडतो, पुन्हा लिहितो, पुन्हा तेच. कॉम्प्युटरला बाहेरचं काहीतरी लागलंय या निष्कर्षाला यायला त्याला फार वेळ लागत नाही.

पत्त्याचंही तसंच. १ जुलै १९९८ ला वाशिम जिल्हा अकोल्यापासून वेगळा झाला. त्याआधी 'मु. पो. वाशिम, जि. अकोला' हे एका दमात लिहिलं जायचं आणि ज्यांची बोटं त्या दमात घडली होती, त्यांच्याकडून नंतर कित्येक दिवस अकोला आपोआप निसटायचं. गंमत अशी की इंग्रजांच्या काळी हा जिल्हा होताच, 'बासिम' या नावानं. त्यांच्या जिभेची सेटिंग वेगळी होती. १९०५ मध्ये त्यांनी तो मोडला आणि वाशिम अकोल्याला जोडलं. म्हणजे १९९८ मध्ये झालं ते एक मोठं कंट्रोल-झेड होतं, ९३ वर्षांनी दाबलेलं.

कंट्रोल-सी आणि कंट्रोल-व्हीची कथा तर पाटीवरच लिहिलेली आहे. कापणं, उचलणं आणि चिकटवणं ही युक्ती १९७०च्या दशकात लॅरी टेस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्या प्रयोगशाळेत रुळवली ती झेरॉक्स कंपनीची. म्हणजे 'टायपिंग, झेरॉक्स' या पाटीखाली बसलेला ऑपरेटर दोन्ही कामं एकाच खानदानाची करतो. जुना अर्ज उचलायचा, नवा चिकटवायचा, नाव बदलायचं. नाव बदलतं, गावही बदलतं, पण तिसऱ्या परिच्छेदातला 'मौजे शिरपूर येथील माझी विहीर' तसाच राहतो आणि रिसोडच्या माणसाची विहीर मालेगाव तालुक्यात निघते. पाणी कोणाचं, हे मग तलाठ्यानं ठरवायचं.

फॉन्टची हौस मात्र पाहायची ती लग्नपत्रिका आणि फ्लेक्स छापणाऱ्याकडे. विंडोज २००० बरोबर आलेला 'मंगल' हा फॉन्ट सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला. पुढे विंडोज ७ मध्ये 'अपराजिता', 'कोकिळा', 'उत्साह' असे आणखी आले. ही नावं ठेवणाऱ्याच्या मनात मृत्यूचा दाखला आणि जप्तीची नोटीस नसावी. आता दाखला मंगलमध्ये आणि नोटीस उत्साहात निघू शकते. पत्रिकावाल्याला ही घरगुती नावं चालत नाहीत. त्याच्याकडे श्रीलिपीचे शेकड्यांनी फॉन्ट असतात आणि त्यांना कैद्यासारखे क्रमांक असतात. "पोराचं नाव ७१४ मध्ये घेऊ का जरा जाड घेऊ?" असं तो वरपित्याला विचारतो. वरपिता म्हणतो, "मोठं घ्या." फॉन्टबद्दल त्याला एवढंच म्हणायचं असतं.

लग्नपत्रिकेचा मान वाशिमला तसा फार जुना. राजशेखरानं 'काव्यमीमांसे'त सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न लावलं ते वत्सगुल्म नगरात, म्हणजे आजच्या वाशिममध्ये. लग्न गांधर्व पद्धतीचं होतं. पत्रिका छापायची नव्हती, त्यामुळे ते सुरळीत पार पडलं.

आता तसं होत नाही. डिझाइन वाशिमच्या दुकानात होतं आणि छपाई दुसऱ्याच शहरात. तिथे हा फॉन्ट असेलच असं नाही. म्हणून या धंद्यात एक मंत्र आहे, 'कर्व्ह करून पाठव.' कोरलड्रॉमध्ये कंट्रोल-क्यू दाबलं की अक्षरं अक्षरं राहत नाहीत, नुसत्या रेषा होतात. मग फॉन्ट असो वा नसो, आकार तोच दिसतो. आणि चूकही तीच राहते. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर 'अभिष्टचिंतन' लिहून कर्व्ह झालं की 'अभीष्ट' करायला वेलांटी उरतच नाही, तिथे फक्त एक आकृती असते. मराठीत लेखनाची चूक चित्रकलेत रूपांतरित करणारी ही एकमेव की असावी. चौकातले भाऊ, दादा, साहेब आणि त्यांच्या खालचे पंचवीस पासपोर्ट फोटो दरवर्षी त्याच ऱ्हस्व वेलांटीखाली हसत असतात, कारण मागच्या वर्षीची फाइल कर्व्ह केलेली असते.

सरकारनंही अक्षरांच्या आकारात लक्ष घातलं आहे. ६ नोव्हेंबर २००९ ला मराठी वर्णमालेचा शासन निर्णय निघाला आणि २०२२ च्या नोव्हेंबरात सुधारित निर्णय आला. त्यात 'ल' पाकळीचा आणि 'श' देठाचा असावा असं आहे. हिंदी वळणाचा 'ल' दांडी धरून उभा असतो, मराठी वळणाचा दोन पाकळ्या पसरतो. पाकळी आणि देठ हे शब्द ऐकून निर्णय कृषी खात्याचा आहे असं वाटलं, तर वाशिमकराला दोष देता येणार नाही. पण जिल्ह्याच्या नावातच 'श' असल्यानं अलिप्त राहणंही शक्य नाही. काही फॉन्ट इतके समजूतदार आहेत की मजकुराची भाषा मराठी लावली की ते आपणहून देठ काढतात आणि हिंदी लावली की मिटवतात. भाषा कोणती लावली आहे, हे मात्र कोणी पाहिलेलंच नसतं. त्यामुळे एकाच पत्राच्या वरच्या निम्म्यात 'श'ला देठ असतो आणि खालच्या निम्म्यात तो गळून पडलेला असतो.

वकिलांची गोष्ट आणखी निराळी. कोर्टासमोरच्या प्रत्येक पाटीवर पहिलं अक्षर 'ॲ' असतं, कारण पाटी 'ॲड.'पासून सुरू होते. पण युनिकोडमध्ये या अक्षराला स्वतःची जागा मिळाली ती २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. तोवर 'अ'वर वेगळा चंद्र चढवून वकिली चालवावी लागायची आणि काही मशीनवर तो चंद्र त्या ठिपक्यांच्या वर्तुळावर उगवायचा. रुपयाच्या चिन्हाचंही तसंच. ते १५ जुलै २०१० ला स्वीकारलं गेलं. मंगळुरूच्या फोरेडियन कंपनीनं लगोलग एक फॉन्ट काढला. त्यात एस्केपखालची, कधीच कोणी न वापरलेली की दाबली की रुपया उमटायचा. ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला रुपयाच्या जागी फक्त एक तिरपा फटकारा दिसायचा. पैसा एका मशीनवरून दुसऱ्यावर जाताना असा गळतो, हे तसं नवीन नव्हतं.

फॉन्ट अजिबातच नसेल तर शेवटची पायरी येते ती चौकटींची. अक्षराच्या जागी रिकामी चौकट, चौकटीशेजारी चौकट. ऑपरेटर म्हणतो, "डबे आले." जगभर या डब्यांना टोफू म्हणतात आणि ते दिसू नयेत म्हणून गुगलनं काढलेल्या फॉन्टचं नाव 'नोटो', म्हणजे 'टोफू नको', असं ठेवलं आहे.

वाशिमला डब्यांचं नवल वाटू नये. १९३९ मध्ये याच गावात एक ताम्रपट सापडला. वत्सगुल्माच्या वाकाटक घराण्यातल्या दुसऱ्या विंध्यशक्तीचा, त्याच्या राज्याच्या ३७ व्या वर्षातला. मजकूर अर्धा संस्कृत, अर्धा प्राकृत, म्हणजे दोन भाषांचा एक कागद करायची पद्धत आपल्याकडे तेव्हापासूनची. वाकाटकांच्या काळची ठळक लिपी म्हणजे पेटिकाशीर्षक. अक्षराच्या डोक्यावर शिरोरेघेऐवजी छोटी चौकोनी पेटी. फॉन्टची हौस म्हणून कोरणारा माणूस प्रत्येक अक्षरावर एक चौकट काढत बसायचा. दीड हजारावर वर्षांनी त्याच गावातल्या पडद्यावर चौकटी तेवढ्या उरल्या आणि खालची अक्षरं गेली. तांब्याला मात्र फॉन्ट लागला नाही, फाइल अजून उघडते. वाचता येणारे थोडे, पण ते तर काकांच्या अर्जाचंही होतंच.

काकांचा अर्ज एव्हाना मार्गी लागलेला असतो. पुतण्याला फोन झाला. त्यानं मोबाइलवर फाइल पाठवली, तिच्यात पुन्हा ओके निघालं. शेवटी ऑपरेटरनं सगळा अर्ज नव्यानं टाइप केला. तोंडानं सांगायला काका होतेच. प्रिंट निघाली. काकांनी ती उजेडात धरून सावकाश वाचली आणि एका जागी बोट ठेवलं.

"हे शेतकर्याचं काय लिहेल आहे?"

ऑपरेटरनं कागद परत घेतला. कानावरचा निळा बॉलपेन काढला, 'य'वरचा रफार आडव्या रेघेनं झाकला आणि खाली 'य'च्या पोटाला हातानं एक नाजूक पापणी काढली. मग शेजारच्या दुसऱ्या प्रतीवर. मग तिसऱ्यावर, कार्यालयाच्या फाइलीसाठी.

"किती झाले?"

"टायपिंगचे तीस. प्रिंटचे पंधरा."

"अन् हे पेनाचं?"

"ते काही नाही, काका. ते आपलं असंच."